गोठा किती दूर हवा?

पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये वाड्याच्या मागच्या चौकात गाय किंवा म्हैस बांधलेली असणे, ही एकेकाळी नेहमीची गोष्ट होती. दूध घरचे, शेणही घरचे, आणि वासाबद्दल तक्रार करायला शेजारी मोकळा नसायचा, कारण त्याच्याही घरी जनावर असायचे. शहर वाढले तशा अशा गोष्टी गावाबाहेर सरकत गेल्या. शनिवारवाड्यासमोर भरणारा भाजीबाजार १८८६मध्ये शुक्रवार पेठेतल्या नव्या इमारतीत, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईत आला. पुढे घाऊक व्यापार तिथूनही हलून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. गोठे त्याहून लांब गेले. आज मंडईत भाजी घेऊन परतणारा पुणेकर वाटेत दुधाची पिशवी घेतो, पण ते दूध देणारी गाय त्याला दिसत नाही आणि तिच्या शेणाचा वासही त्याच्यापर्यंत येत नाही.

शहराच्या कडेला राहणाऱ्यांचे मात्र तसे नाही. २०१७मध्ये ११ आणि २०२१मध्ये आणखी २३ गावे पुणे महापालिकेत आली. क्षेत्रफळाने ही राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. या गावांत पिढ्यान्‌पिढ्यांचे गोठे होते, कोंबड्यांच्या शेड होत्या. एका अधिसूचनेने ते सगळे 'शहरात' आले. शेजारी बारा मजली इमारत उभी राहते, सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत पहाटे वास येतो, आणि तक्रार होते. गोठेवाला म्हणतो, 'मी आधीपासून इथे आहे.' रहिवासी म्हणतो, 'माझ्या मुलाला दमा आहे.' दोघांचेही म्हणणे खोटे नसते. प्रश्न उरतो तो अंतराचा: गोठा आणि घर यांच्यात किती अंतर असावे, आणि ते कसे ठरवावे?

नियम काय सांगतो?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दुग्धशाळा आणि गोशाळांसाठी २०२०मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२१मध्ये त्या सुधारल्या. त्यांनुसार गोठा शहराच्या किंवा गावाच्या हद्दीबाहेर, राहत्या घरांपासून किमान २०० मीटर आणि शाळा-रुग्णालयांपासून ५०० मीटर दूर असावा. कोंबड्यांच्या मोठ्या शेडसाठी वस्तीपासून ५०० मीटर आणि नदी, तलाव, कालवा यांपासून १०० मीटर असे अंतर सांगितले आहे. नागरी भागात गुरे पाळण्यासाठी परवाना लागतो, असा राज्याचा कायदा तर १९७६पासूनच आहे.

आकडा ठरलेला असला की काम सोपे होते. टेप लावली, मोजले, निकाल दिला. पण २० म्हशींचा गोठा आणि ४०० म्हशींचा गोठा यांना एकच अंतर लावणे शास्त्राला धरून नाही. रोज शेण उचलणारा आणि महिनाभर ते खड्ड्यात साठवणारा यांनाही एकाच मापाने मोजता येत नाही. अंतर किती हवे हे कळायला आधी गोठ्यातून नेमके काय आणि किती बाहेर पडते, हे पाहावे लागते.

वास एकाचा, तापमानवाढ दुसऱ्याची

गोठ्यातून निघणाऱ्या वायूंची आपण बरेचदा गल्लत करतो. सर्वांत जास्त चर्चा होते ती मिथेनची. गाय-म्हैस रवंथ करते तेव्हा पोटातले सूक्ष्मजीव चारा कुजवतात, मिथेन तयार होतो आणि तो मुख्यतः ढेकरेवाटे बाहेर येतो. या वायूला वास नाही, आणि उघड्या हवेत शेजाऱ्याच्या प्रकृतीला त्याचा थेट अपायही नाही. तो अपाय करतो तो हवामानाला. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो मिथेन सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. गोठा २०० मीटरवर असो की २०० किलोमीटरवर, त्यात फरक पडत नाही.

नाकाला झोंबतो तो अमोनिया. जनावराच्या मूत्रात युरिया असतो आणि शेणात युरिएज नावाचे विकर. दोन्ही जमिनीवर एकत्र आले की काही तासांतच युरियाचे विघटन होऊन अमोनिया सुटतो. कोंबडीच्या विष्ठेत युरियाऐवजी युरिक आम्ल असते. ओल मिळाली की तेही अमोनिया देते. म्हणून पावसाळ्यात तूस भिजले की शेडमध्ये डोळ्यांची आग होते.

तिसरा वायू हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा. तो हवा न मिळणाऱ्या शेणखड्ड्यात, स्लरीच्या टाकीत तयार होतो. याखेरीज क्रेसॉल, इंडोल, स्कॅटोल आणि काही आम्ले अशी डझनावारी संयुगे असतात. त्यांचे प्रमाण नगण्य असते; पण अब्ज भागांत एखादा भाग असला तरी नाक त्यांतली काही ओळखते. दूरवर जो 'गोठ्याचा वास' येतो तो बहुधा यांचाच असतो.

एका गोठ्याचा हिशेब

आता पन्नास संकरित गायींचा एक गोठा कल्पनेत घेऊ आणि कागदावर हिशेब करू.

मिथेनसाठी प्रत्येक जनावरामागे वर्षाचा ठरावीक आकडा वापरतात. आंतरसरकारी हवामानबदल समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या २००६च्या सूचनांत भारतीय उपखंडातल्या दुभत्या गायीसाठी वर्षाला ५८ किलो आणि म्हशीसाठी ५५ किलो मिथेन धरला आहे. भारताने आपल्या राष्ट्रीय अहवालासाठी स्वतःचे आकडे काढले, तेव्हा दुभत्या देशी गायीसाठी २८, संकरित गायीसाठी ४३ आणि म्हशीसाठी ५० किलो आले. पन्नास संकरित गायी म्हणजे एका आकड्याने २,९०० किलो, दुसऱ्याने २,१५० किलो. गोठा तोच, फरक पाऊण टनाचा. जनावराचे वजन, चारा आणि दूध यांनुसार आकडा बदलतो, म्हणून उसना घेतलेला आकडा जपून वापरावा लागतो.

अमोनियाचा हिशेब नत्राच्या जमाखर्चासारखा असतो. आयपीसीसीच्या त्याच सूचनांप्रमाणे आपल्याकडची दुभती गाय दर हजार किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.४७ किलो नत्र शेण-मूत्रावाटे टाकते. गाय ४०० किलोची धरली तर दिवसाला साधारण १९० ग्रॅम. यातला किती नत्र हवेत उडतो, ते शेणाचे काय करता त्यावर ठरते. उकिरड्यावर ढीग लावला तर सुमारे ३० टक्के, पातळ स्लरी करून साठवली तर ४० टक्के, आणि रोजच्या रोज शेतात पसरले तर गोठ्याच्या टप्प्यावर केवळ ७ टक्के.

पन्नास गायींना हे लावून पाहा. उकिरडा असेल तर दिवसाला सुमारे साडेतीन किलो अमोनिया. स्लरीचा खड्डा असेल तर साडेचार किलोंच्या वर. रोज शेण हलवले तर एक किलोच्या आत. रोज हलवलेल्या शेणातून पुढे शेतातही काही अमोनिया उडतो, पण तो वस्तीच्या दारात नाही. गायी त्याच, चारा तोच, तरी गोठ्याजवळची गळती पाचपट कमी-जास्त. अंतराच्या नियमात शेणाच्या व्यवस्थेला स्थान का हवे, ते या हिशेबातून दिसते.

प्रत्यक्ष मोजायचे झाले तर पद्धत वेगळी. गोठ्याच्या आतल्या हवेतला अमोनिया मोजायचा, बाहेरचा वजा करायचा आणि तासाला किती हवा गोठ्यातून जाते त्याने गुणायचे. उघड्या गोठ्यात ही वाहती हवा मोजणे अवघड. त्यासाठी युक्ती अशी की गायीच श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि तो किती हे त्यांचे वजन व दूध यांवरून काढता येते. आत तो किती पातळ झाला हे पाहिले की हवा किती खेळली ते कळते.

दुपारची हवा, पहाटेची हवा

वायू सुटला म्हणजे तो शेजारी पोचलाच असे नाही. मधला कारभार वाऱ्याच्या हाती असतो. दुपारी जमीन तापते, हवा वर चढते, वायू झपाट्याने पातळ होतो. हिवाळ्यात पहाटे जमीन थंड, तिच्यालगतची हवा थंड आणि वरची त्याहून उबदार, असा उलटा थर बसतो. वरून झाकण घातल्यासारखे होते. अशा वेळी वास जमिनीलगत पसरत लांबवर जातो.

आपल्या गोठ्यातून दिवसाला साडेतीन किलो अमोनिया सुटतो असे धरून, हवेतल्या प्रसाराचे नेहमीचे सूत्र लावले तर २०० मीटरवर वाऱ्याच्या थेट दिशेत दुपारी एका घनमीटर हवेत दहा मायक्रोग्रॅमच्या आत अमोनिया सापडेल. शांत, स्वच्छ आकाशाच्या पहाटे तोच आकडा पाचशेच्या आसपास जातो. पहाटेच्या गारव्यात अमोनिया मुळात कमी सुटतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याहून खाली राहील. तरी दोन्हींतला फरक कित्येक पटींचा आहे. त्याच पहाटे ५०० मीटरवर मात्र तो शंभराच्या खाली येतो. देशाच्या हवा-मानकात अमोनियाची २४ तासांच्या सरासरीची मर्यादा ४०० आणि वार्षिक सरासरीची १०० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे पन्नास गायींच्या गोठ्याने २०० मीटरवर दिवसभराची मर्यादा सहसा ओलांडली जाणार नाही. पण गायी पाचशे केल्या की सगळे आकडे दहापट होतात, आणि २०० मीटर तेवढेच राहतात.

वासाचे गणित आणखी वेगळे. अमोनिया नाकाला कळायला साधारणपणे दहा लाख भागांत पाच भाग लागतात, आणि इतका तो २०० मीटरवर क्वचितच असतो. बाकीच्या संयुगांचा वास मात्र तिथे येतो. तक्रार झाल्यावर दुपारी बारा वाजता यंत्र घेऊन आलेल्या माणसाला काही सापडत नाही आणि रहिवासी खोटा ठरतो, त्याचे कारण हेच.

पुण्याच्या बाबतीत भूगोलही आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून आणि जोरात असतो, वास पातळ होतो. हिवाळ्याच्या रात्री वारा पडतो, टेकड्यांच्या उतारावरून थंड हवा ओढ्या-नाल्यांच्या कडेने खाली ओघळते आणि वास सोबत नेते. त्यामुळे गोठ्याच्या वरच्या अंगाला १५० मीटरवर असलेले घर सुटते आणि खालच्या अंगाला ४०० मीटरवर असलेली सोसायटी सापडते. हवामान खात्याचे मोठे कार्यालय आणि पाषाणची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था याच शहरात आहेत. कोणत्या महिन्यात वारा कुठून किती वेळ वाहतो, याची माहिती पुण्याला परकी नाही.

टेपऐवजी सूत्र

जगात काही ठिकाणी हे अंतर सूत्राने काढतात. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात जनावराचा प्रकार, त्यांची संख्या, गोठा किती वाढवला आणि शेण घट्ट साठवता की पातळ, या प्रत्येकाला एक गुणांक असतो. त्यांचा गुणाकार करून अंतर ठरते. त्याचे दोन भाग आहेत. एक नव्या गोठ्याने जुन्या घरांपासून किती लांब राहावे ते सांगतो. दुसरा नव्या घरांनी जुन्या गोठ्यापासून किती लांब राहावे ते सांगतो. म्हणजे अंतर पाळण्याची जबाबदारी जो नंतर येईल त्याच्यावर.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाची पद्धत अधिक स्पष्ट प्रश्न विचारते: शेजाऱ्याला किती वेळ वास चालेल? वास त्रासदायक नसण्याचे प्रमाण ९९ टक्के हवे असेल तर महिन्याला साधारण सात तास सहन करावे लागतील आणि अंतर जास्त लागेल. ९१ टक्के चालत असेल तर महिन्याला पासष्ट तास वास आणि अंतर कमी. शून्य वासाचे अंतर कोणतेच सूत्र देत नाही. किती तास सहन करायचे हा निर्णय समाजाने उघडपणे घ्यायचा असतो. आपल्याकडे तो २०० मीटरच्या आकड्यात झाकलेला राहतो.

अंतर एकदा राखले की प्रश्न सुटतो असेही नाही, हे मुंबईने दाखवून दिले आहे. शहरातले म्हशींचे तबेले बाहेर काढण्यासाठी १९४९मध्ये गोरेगावजवळ आरे दूध वसाहत उभी राहिली. ३२ तबेले, सुमारे सोळा हजार जनावरांची सोय. तेव्हा ते गावाबाहेर होते. आज मुंबई आरेच्या चहूबाजूंनी पसरली आहे. म्हशी शहरापासून दूर गेल्या, शहर त्यांच्यामागून गेले. पुण्याच्या कडेच्या गावांत सध्या तेच चालले आहे.

अंतर वाढवता येत नसेल तर

जागा तीच असेल तर गळती कमी करणे हा मार्ग उरतो. शेण आणि मूत्र एकत्र येऊ न देणे हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय: गोठ्याला पुरेसा उतार, मूत्र वाहून नेणारी नाली आणि दिवसातून दोनदा शेण उचलणे. मुक्तसंचार गोठ्यात जमीन कोरडी ठेवणे. गरजेपेक्षा जास्त पेंड घातली तर जादा प्रथिनांचे नत्र मूत्रातून बाहेर जाते, म्हणजे पैसाही जातो आणि वासही वाढतो. कोंबड्यांच्या शेडमध्ये पाण्याची गळती थांबवून तूस कोरडे ठेवणे. गोबरगॅसने शेणातला मिथेन कामी येतो. गायीच्या ढेकरेतला मात्र त्याने कमी होत नाही. वस्तीच्या बाजूला झाडांची दाट रांग लावली तर धूळ अडते आणि हवा वर ढकलली जाऊन पातळ होते.

अमोनिया कमी करण्याचा फायदा केवळ शेजाऱ्याला नाही. वाहनांच्या आणि कारखान्यांच्या धुरातून तयार होणाऱ्या आम्लांशी तो संयोग पावतो आणि त्यापासून अतिसूक्ष्म कण बनतात. हे कण फुप्फुसात खोलवर जातात आणि वाऱ्याबरोबर कित्येक किलोमीटर प्रवास करतात. त्यांच्यापुढे २०० मीटरही अपुरे आणि ५०० मीटरही.

सर्वांत जवळचा धोका

अंतराच्या वादात एक माणूस विसरला जातो. तो म्हणजे गोठ्यातच काम करणारा. त्याच्यासाठी राखीव अंतर शून्य असते. ९ एप्रिल २०२४ रोजी नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. तिला काढायला एक जण उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा. पाच जणांचा जीव गेला. कमरेला दोर बांधलेला एक जण तेवढा वाचला.

हायड्रोजन सल्फाइडचा घात असा की प्रमाण वाढले की नाकाची शक्तीच बधिर होते. दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटते वायू गेला. पाचशेच्या पुढे थोड्याच वेळात शुद्ध हरपते. साठलेली स्लरी ढवळली की अडकलेला वायू एकदम सुटतो. म्हणून नियम साधे आहेत आणि ते पाठ असावेत. शेणाच्या टाकीत, खड्ड्यात, बंद विहिरीत कोणत्याही कारणाने उतरायचे नाही. तोंडाला रुमाल बांधून काहीही होत नाही. आत कोणी पडलाच तर मागोमाग उतरायचे नाही. अग्निशमन दलाला १०१वर बोलवायचे. खड्ड्याला झाकण आणि कुंपण हवे, कारण लहान मुले आणि जनावरे नियम वाचत नाहीत.

दोघांसाठी एक नोंदवही

तक्रार असलेल्या रहिवाशाने महिनाभर एक नोंद ठेवावी: तारीख, वेळ, वास किती तीव्र, वारा कुठून. 'कायम वास येतो' यापेक्षा 'डिसेंबरमध्ये अठरा पहाटे, पाच ते साडेसात' हे वाक्य महापालिकेपुढे किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे कितीतरी जड ठरते. गोठेवाल्यानेही आपली नोंद ठेवावी: जनावरे किती, शेण कधी उचलले, कुठे गेले. दोन वह्या शेजारी ठेवल्या तर बहुतेक वेळा कारण सापडते, आणि गोठा न हलवता ते दूर करता येते.

नव्या गावांचे विकास आराखडे करताना मात्र दुसरी बाजूही कागदावर यायला हवी. गोठ्याला घरापासून अंतर राखायला सांगतो, तसे नव्या इमारतीला परवानगी देताना जुन्या गोठ्यापासून अंतर राखायला सांगितले पाहिजे. नाहीतर आधी आलेल्याला नंतर आलेल्यासाठी उठावे लागते, आणि तो जिथे जातो तिथे आणखी दहा वर्षांनी तीच बाल्कनी, तीच पहाट आणि तोच वाद उभा राहतो. दूध तर आपल्याला रोज सकाळी हवेच असते.